महाडच्या कारखान्यात मुठेल थिजलं

आमच्या वाडीतली माणसं मुंबईला जातात, सुरतेला जातात, एकजण तर दुबईला जाऊन आला. महाडच्या औद्योगिक वसाहतीत मात्र कारखान्याच्या फाटकाच्या आत पाहुणी म्हणून गेलेली मी पहिलीच. वाडीच्या मुंबई मंडळाची पोरं म्हणाली, आजी, स्मरणिकेसाठी प्रवासावर लिहा, काशीबिशी काहीतरी. काशीला मी गेलेले नाही. जिथे गेले ते लिहिते. माझं शिक्षण चौथी. चुका असतील त्या छापणाऱ्याने सुधाराव्यात, पण माझं वाक्य बदलू नये.

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला आमची वाडी आहे. माझा मुलगा महेश मुंबईला नोकरीला. त्याची बायको दीपाली महाडला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. तिचं माहेर वरंध घाटाच्या वरचं, भोरकडचं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी ती महाडात खोली घेऊन राहते आणि नवरा तिकडे. वाडीत बोलतात. मीही बोलत होते, खोटं कशाला लिहू.

मे महिन्यात तिचा फोन आला. "आई, गेल्या वर्षीचं मुठेल शिल्लक आहे का? कामासाठी हवंय. आणाल का?"

मुंबईच्या नव्या पिढीसाठी सांगते. रातांबे फोडून कोकमं वाळवली की बिया उरतात. त्या सुकवायच्या, कांडायच्या आणि पाण्यात उकळायच्या. तेल वर येतं ते काढून थिजू द्यायचं आणि मुठीत दाबून गोळे करायचे. ते मुठेल. पायाच्या भेगांना लावतात, आमच्याकडे गरम भाकरीवरही घेतात. त्यातलं एक महत्त्वाचं काम हल्लीच्या मुलींना ठाऊक नसतं. नवं तेल काढलं की नुसतं ठेवून ते लवकर थिजत नाही, दिवसभर पातळच राहतं. म्हणून गेल्या वर्षीच्या मुठेलाची नखभर कापटी त्यात टाकायची. दुधाला विरजण लावतात तसं. माझी सासू टाकायची, म्हणून मी टाकते. त्यासाठी एक गोळा दरवर्षी मागे ठेवते.

मी मनात ठरवलं, मुठेल द्यायचं आणि समोर बसवून सांगायचं, नोकरी सोड आणि महेशकडे जा.

शनिवार, वाडी ते महाड

सकाळी टमटमची वाट बघत उभी होते, तर शेजारची येसू आली. "काय गो, सुनेला आनायला चाललीस?"

"मुठेल द्यायला चालले."

"मुठेल कुरियरनं पन जातं," येसू म्हणाली. तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नसतो. मी टमटमीत बसले.

पोलादपूरला उतरून भजी खाल्ली आणि महाडची एस.टी. धरली. गर्दी होती म्हणून कंडक्टरने मला पुढे ड्रायव्हरजवळ बसवलं. पिशवी मांडीवर जड होत होती, ती मी शेजारच्या झाकणावर ठेवली. ते इंजिनचं झाकण आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. रस्ता आता एवढा रुंद झाला आहे की डोंगर अर्धा कापून बाजूला ठेवल्यासारखा वाटतो. ते बघत बसले. महाड यायच्या आधी कंडक्टर ओरडला, "आजी, तुमच्या पिशवीतनं तूप गळतंय!"

"तूप नाय, मुठेल हाय."

"मग मुठेल गळतंय."

डब्याचं झाकण सैल होतं. गोळ्यांचं पाणी झालेलं, भाकऱ्या भिजलेल्या. मी काही बोलायच्या आत ड्रायव्हरने गाडी सिग्नलला उभी केली, झाकणावरचं तेल बोटाने निपटलं आणि चप्पल काढून टाचेला लावलं. म्हणाला, "माझी आई लावायची. फुकट कशाला घालवायचं?" मागची माणसं हसली. मीही हसले.

एक गोळा तेवढा वाचला होता. तो माझ्या कमरेच्या बटव्यात होता, पानसुपारीबरोबर. ओठ फुटले की लावायला मी तो जवळ ठेवते.

दीपाली स्टँडवर आली होती. वाळली होती. मी डबा दाखवला तर म्हणाली, "असू दे आई. वितळलं तरी मुठेलच आहे." खोलीवर तिने बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी केली. भोरकडची माणसं सगळ्यात शेंगदाण्याचं कूट घालतात. वांग्यात घालतात, मेथीत घालतात, मला वाटतं औषधातही घालत असतील. आमच्याकडे त्याजागी ओलं खोबरं असतं. तरी भाजी बरी होती. मी दोनदा घेतली, पण तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी ती फोनवर कोणाशी तरी कामाचं बोलत होती. डब्यातलं तेल अजून पातळच होतं. मी बटव्यातल्या गोळ्याची नखभर कापटी काढली, डब्यात टाकली आणि झाकण लावलं. सकाळी सगळं घट्ट, पांढरं. तिने बघितलं आणि म्हणाली, "बसलं की आपोआप." मी म्हटलं, "आपोआप काय बसतंय!" पण ती सवला निघायच्या घाईत होती, मी पुढे बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.

रविवार, सव

सुट्टी होती म्हणून ती मला सवला घेऊन गेली. महाडजवळ गरम पाण्याची कुंडं आहेत तिथे. माझे गुडघे दुखतात. पाण्यात पाय सोडले तर आधी चटका बसला, मग बरं वाटलं. बायकांचं कुंड वेगळं आहे, आडोसाही आहे, पण कपडे बदलायच्या जागी कोणीतरी साबणाचे कागद टाकलेले. आपल्या माणसांना देवाचं पाणी लागतं, पण कागद टाकायला टोपली लागत नाही.

कडेच्या दगडांवर हिरवं बुळबुळीत काहीतरी होतं. मी पायाने घासलं. दीपाली म्हणाली, "आई, ते जिवंत आहे."

"एवढ्या कढत पाण्यात?"

"त्याच्या प्रत्येक पेशीला तेलाची कातडी असते. आपल्यालाही असते. इथल्यांनी आपल्या कातडीतलं तेल घट्ट जातीचं ठेवलंय, म्हणून या पाण्यात ती वितळत नाही. वर महाबळेश्वरच्या थंडीतले जीव उलटं करतात. पातळ तेल ठेवतात, नाहीतर थिजून ताठ होतील."

मी म्हटलं, "मग तू काय करतेस तिथं? रोज सांगतेस काम, काम. आज सांग."

तिथे काठावर बसून तिने सांगितलं. मला जसं कळलं तसं लिहिते.

पाव फुगवायला यीस्ट घालतात, तोही एक जीवच. एकेक पेशी म्हणजे एकेक जीव. त्याला साखर दिली की तो तिचं तेल करतो. तेल एकदम होत नाही. पेशी कार्बनचा दोनाचा तुकडा घेते, त्याला दुसरा दोनाचा जोडते, मग आणखी दोन. दोन, चार, सहा, आठ असं करत सोळापर्यंत जाते आणि बहुतेक वेळा तिथे सोडते. मी विचारलं कार्बन म्हणजे काय, तर म्हणाली कोळशात असतो तोच. मुठेलाला अठरा लागतात. म्हणून दीपालीने यीस्टमध्ये आणखी एक जोडारी बसवला, शेवटचे दोन लावणारा.

"मग झालं की," मी म्हटलं.

"नाही ना. यीस्टमध्ये एक वाकवणाराही असतो. अठराची काडी तयार झाली की तो तिला मध्येच वाकवतो. वाकडी काडी म्हणजे पातळ तेल."

हे मात्र मला सांगावं लागलं नाही. जन्मभर मोळ्या बांधल्या आहेत. सरळ फाटी असली की मोळी घट्ट बसते. वाकडी घुसली की मध्ये भोकं राहतात, डोक्यावर मोळी सैल होते. मी तसं म्हटलं तर दीपाली माझ्याकडे बघतच राहिली. "आई, मी हे पाहुण्यांना समजावायला तीन चित्रं काढलीत."

"मग त्या वाकवणाऱ्याला काढून टाक."

"टाकला होता. यीस्ट मेलं. त्याची कातडी तेलाची, सगळंच सरळ झालं तर ती ताठ होते. आणि कोकमालाही एक वाकडी लागते. दोन सरळ आणि त्यांच्यात एक वाकडी, अशी कोकमाची मोळी असते. म्हणून आता मी त्याला ठेवलाय, पण त्याचा जोर कमी केलाय."

"म्हणजे घरात ठेवायचा, पण डोक्यावर बसवायचा नाय. सासूसारखं."

ती इतकी हसली की शेजारच्या बायका बघायला लागल्या. मग हसणं थांबलं आणि तिने खरी गोष्ट सांगितली. मंगळवारी कंपनीच्या मोठ्या मॅडम बघायला येणार होत्या. तिच्या यीस्टचं तेल काढून दोन लहान बाटल्या भरल्या होत्या, पण ते थिजत नव्हतं. थिजलं तर काम पुढे चालणार, नाहीतर बंद. काम बंद म्हणजे तिची नोकरीही बंद, कारण तिला या एका कामापुरतंच घेतलेलं.

माझ्या मनासारखं आपोआपच होणार होतं. मी पाय पाण्यातून काढले.

एक गोष्ट तेवढी विचारली. "तुमचं तेल कारखान्यात व्हायला लागलं तर आमचं मुठेल कोन घेईल?"

"आई, वाडीत आता मुठेल कोण काढतं?"

मी मोजलं. मी, आणि खालच्या आवाडाच्या वस्तीतली एक. तिचाही खांदा गेला आहे.

सोमवार, कारखाना

मुठेल कसं थिजतं, हाताला कसं लागतं हे नमुन्याशी ताडून बघायचं म्हणून दीपालीने मला आत न्यायची परवानगी काढली होती. फाटकावरच्या वॉचमनने माझं नाव वहीत लिहिलं, बटवा उघडायला लावला आणि तंबाखू काढून घेतली. म्हणाला, "जाताना मिळंल."

"मोजून ठेव," मी म्हटलं. त्याने खरंच पुडीवर माझं नाव लिहिलं. मुठेलाचा गोळा मात्र त्याने बघून परत दिला.

आत मला पांढरा डगला घातला, डोक्याला टोपी आणि पायाला पिशव्या. मी घाणेरडी नाही असं म्हटलं तर दीपाली म्हणाली, "तुमच्यासाठी नाही, यीस्टसाठी." बाहेरच्या रस्त्यावर औषधांचा वास येतो, इथे आंबोळीच्या पिठासारखा आंबूस वास होता. स्टीलच्या पिंपात यीस्ट वाढत होतं. त्याला नळीने साखर, नळीने हवा. गुरांना आम्ही एवढं वेळेवर घालत नाही. काम झालेलं यीस्ट उकडून मारतात आणि मगच टाकतात. बाहेर जाऊ देत नाहीत. ते मला आवडलं.

एका फ्रीजमध्ये दीपालीने केलेल्या यीस्टच्या कुप्या होत्या. प्रत्येकीवर आकडा. तिने दोन वर्षांत केलेल्या सगळ्या. मी विचारलं, "यातल्या चाललेल्या किती?" तिने एका कुपीवर बोट ठेवलं. मी बाकीच्या बघितल्या. खूप होत्या. एवढ्या वेळा फसल्यावर मी काम टाकून दिलं असतं.

मग तिने त्या दोन बाटल्या दाखवल्या. सकाळी तिने त्या शेवटचं एकदा गरम करून टेबलावर ठेवल्या होत्या. दुपारचे दोन वाजले तरी दोन्हीत पातळ तेल, पिवळट. शेजारी माझ्या डब्यातलं मुठेल घट्ट बसलेलं. तेवढ्यात ती कोणाचा तरी फोन आला म्हणून बाहेर गेली.

मी बाटली उजेडात धरली आणि हलवली. तेल काचेला जसं ओघळत होतं तसं आमचं थिजायच्या आधी ओघळतं. मी साठ वर्षं बघते आहे. टोपण काढलं, बटव्यातल्या गोळ्याची नखभर कापटी काढून आत टाकली. दुसरीतही टाकणार होते, तेवढ्यात हात पुसायला फडकं शोधायला लागले, म्हणून ती राहिली.

दीपाली आली तेव्हा बाटलीच्या तळापासून पांढरं चढत होतं. ती धावली. "आई! बसतंय! बसतंय!" तिने बाटली उचलून उजेडात धरली. मग तिला टेबलावरचा माझा बटवा दिसला, उघडा.

"आई, तुम्ही यात काय टाकलंत?"

"जुन्या मुठेलाची कापटी. त्याशिवाय बसत नाय."

तिचा चेहरा उतरला. "आई, आता हे माझं राहिलं नाही. यात कोकमाचं तेल गेलं. मशीनला लावलं तर कोकम दिसणार. उद्या मी काय दाखवू, सासूबाईंनी थिजवलं?"

"आमच्याकडं असंच करतात."

"इथे नाही करत!" ती ओरडली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. मी ऐकून घेतलं. चूक माझी होती. तिच्या स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय मी मीठसुद्धा टाकत नाही, आणि इथे टाकलं.

ती स्टुलावर बसली. दोन्ही बाटल्या शेजारीशेजारी ठेवल्या. मग हळूच म्हणाली, "शनिवारी डब्यात पण टाकली होतीत?"

"टाकली होती."

"आणि नसती टाकली तर?"

"दिवसभर पातळ राहिलं असतं. बसलं असतं, पन त्याच्या मर्जीनं."

ती उठलीच. "म्हणजे तेल चुकीचं नाहीये. त्याला फक्त सुरुवात मिळत नाहीये." मला सांगत नव्हती, स्वतःशीच बोलत होती. "पहिला कण बसायला हवा. त्यावर बाकीचे बसतात. पण कण कोकमाचा नको. माझ्याच तेलाचा हवा."

तिने स्टीलची बारीक पट्टी बर्फात खोचली. थंड झाल्यावर ती कोरडी पुसली आणि दुसऱ्या बाटलीत घालून काचेला आतून घासत राहिली. त्याच जागी, हळूहळू. मला म्हणाली, "आई, तुम्ही तिकडे बसा आणि कशालाही हात लावू नका." मी हात डगल्याच्या खिशात घातले आणि बसले.

चहाच्या वेळेला काचेवर घासलेल्या जागी पांढरी रेघ दिसली. रेघेची चकती झाली. आम्ही दोघी निघालो तेव्हा बाटली अर्धी बसली होती. कापटी नाही, कोकम नाही. साखर खाणाऱ्या यीस्टचं तेल, आणि तिने बसवलेलं.

फाटकावर वॉचमनने तंबाखू परत दिली. मी मोजली नाही.

मंगळवार

मॅडम वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या असतील. केस कापलेले, बोलणं शांत. मी बाहेरच्या खोलीत बसले होते, मधली काच होती, दार उघडं होतं. दीपालीने दोन्ही बाटल्या पुढे ठेवल्या. घट्ट दोन्ही दिसत होत्या. तिने मनात आणलं असतं तर गप्प बसता आलं असतं. ती तेच करील असं मी धरून चालले होते.

ती म्हणाली, "मॅडम, ही पहिली धरू नका. यात काल दुपारी कोकम तेलाचा तुकडा पडलाय. वहीत वेळ लिहिली आहे. ही दुसरी शुद्ध आहे."

"तुकडा पडला कसा?"

"माझ्या सासूबाईंनी टाकला. मी त्यांना एकटं सोडलं, चूक माझी आहे."

मॅडमनी काचेतून माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले आणि दारात गेले. म्हटलं, "तिनं सोडलं, पन टाकलं मी. बोलायचं तर मला बोला."

"बोलणारच आहे," मॅडम म्हणाल्या. "प्रयोगशाळेत विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नसतो."

"ते आता कळलं."

मग त्यांनी दुसऱ्या बाटलीतलं थोडं मशीनला दिलं. ते यंत्र तेलातल्या काड्या लांबीप्रमाणे वेगळ्या करून कागदावर डोंगर काढतं. एक उंच डोंगर, दोन-तीन टेकड्या. आमच्या वाडीतून दिसतात तसे. उंच डोंगर म्हणजे सरळ अठरा. कोकमाएवढा उंच नव्हता, हेही लिहिते. वाकड्या अजून जास्तच होत्या. मॅडमनी तो कागद बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हे इतके दिवस थिजत नव्हतं, असं थिजवायचं तुला कसं सुचलं?"

दीपालीने माझ्याकडे बोट दाखवलं नाही, श्रेय स्वतःकडेही घेतलं नाही. म्हणाली, "घरी मुठेल काढायची पद्धत आहे. तिथून सुचलं. पण तुकडा न टाकता करायचं होतं."

मॅडम म्हणाल्या, "काम चालू ठेव. वाकवणाऱ्याचा जोर आणखी उतरव. दिवाळीनंतर परत बघू."

दीपालीने मान हलवली. ती जिंकल्यासारखी हसली नाही. लगेच वही उघडून लिहायला लागली. मी त्या पोरीकडे बघत होते आणि मला माझंच वाईट वाटलं की मी हिला वाडीत चारचौघींत नावं ठेवली.

निघताना मी तिला म्हटलं, "ती पहिली बाटली खराबच झाली ना? मग मला दे. घरी कापटी म्हणून वापरीन, औंदाच्या तेलाला."

"नाही आई. इथलं काही बाहेर न्यायचं नाही. नियम आहे."

"सासू मागते तरी?"

"सासू मागते तरी."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मुंबईला जा, हे जे सांगायला मी गेले होते, ते मी स्टँडवरही सांगितलं नाही. महेशला फोन करून सांगितलं, सुट्टीला महाडला येत जा, तुझी बायको कामात असते.

वाडी

परतताना पिशवी मांडीवर धरली, झाकणावर ठेवली नाही.

येसू टमटमशीच उभी होती. "आनलीस का सून?"

"नाय."

"येनार कधी मग?"

"काम झालं की. दिवाळीनंतर बघू म्हनालेत."

"आनि तू काय केलंस चार दिवस तिकडं?"

मी तिला काही सांगितलं नाही, म्हणून इथे लिहिते. आठवड्याने दीपालीचा फोन आला. ती पहिली बाटली मॅडमनी टाकू दिली नाही. फ्रीजमध्ये ठेवली आहे, पुढच्या नमुन्यांशी ताडून बघायला. त्यावर चिकटवायच्या चिठ्ठीत नमुन्याचं नाव लिहावं लागतं, तर दीपालीने माझं पूर्ण नाव लिहिलं, सासरच्या आडनावासकट. खाली लाल अक्षरात लिहिलं आहे, वापरू नये.

महाडच्या कारखान्याच्या फ्रीजमध्ये माझ्या नावाची बाटली आहे. आपल्या वाडीत आणखी कोणाच्या नावाची आहे, ते येसूने सांगावं.